आत्या आणि चष्मेवाल्यांची अर्धी प्लेट

आमचं पिझ्झाचं हॉटेल घरचंच आहे. घरचंच म्हणजे खाली हॉटेल आणि वर आम्ही. वर जायचा जिना स्वयंपाकघरातून निघतो, त्यामुळे आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांनासुद्धा भट्टीचा वास येतो. भट्टी सासरे सांभाळतात, पीठ आणि सॉस हे सासूबाईंचं खातं, पिझ्झावर काय किती पसरायचं ते माझा नवरा बघतो आणि बाहेरची नऊ टेबलं माझ्याकडे आहेत. पाचव्या माणसाबद्दल गिऱ्हाइकांना काही ठाऊकच नव्हतं. त्या म्हणजे आत्या, सासऱ्यांची थोरली बहीण. नात्याने माझ्या आत्येसासूबाई, पण इतकं लांबलचक कोण म्हणणार, मीही आत्याच म्हणते.

आत्यांची जागा मागच्या खोलीत. तिथे दोन मोठी सिंक, एक उंच स्टूल आणि भिंतीत कमरेइतक्या उंचीवर एक खिडकी. मी टेबलावरच्या प्लेटा उचलायच्या आणि त्या खिडकीतून आत सरकवायच्या. आत्या उष्टं खरवडून डब्यात टाकतात, प्लेट धुतात, पुसतात आणि पलीकडच्या फळीवर उभी करतात. हॉटेल सुरू झालं त्या दिवसापासून हे काम त्यांचं. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून त्या तरुणपणीच माहेरी परतल्या होत्या. भावाने भट्टी बांधली तेव्हा त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं, "मला बाहेर उभं करू नकोस. मला मागे दे."

अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन मी या घरात आले. त्याआधी मी चपलांच्या दुकानात होते. माणूस दारातून आत शिरला की त्याच्या पायाचं माप सांगायचे, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. तिसऱ्याच दिवशी मी खिडकीतून एक प्लेट आत सरकवली, तर आतून आवाज आला, "ही बाई डावखुरी आहे का गं?"

मी वळून पाहिलं. चार नंबरच्या टेबलावरची बाई पर्समधून पेन काढून काहीतरी लिहीत होती. डाव्या हाताने.

मला वाटलं, आत्यांनी खिडकीतून पाहिलं असेल. पण त्या खिडकीतून चार नंबरचं टेबल दिसतच नाही, मध्ये खोलीतला फ्रिज येतो. मग मला चेवच आला. पुढचे पंधरा दिवस मी प्लेट आत दिली की विचारायचे, "आत्या, ही कुणाची?" आणि त्या सांगायच्या. हा माणूस घाईत आहे, मधला भाग खाऊन कडा टाकून गेलाय. ही मुलगी पहिल्यांदाच सासरच्यांबरोबर आली असेल, पिझ्झा काट्याने खाल्लाय आणि एक तुकडा उगाच शिल्लक ठेवलाय. मी टेबलापाशी जाऊन, बोलण्याबोलण्यात चौकशी करून यायचे. दहातल्या नऊ वेळा आत्यांचं बरोबर निघायचं. दहाव्या वेळी मला विचारायचं धाडस व्हायचं नाही.

एक जोडपं दर शनिवारी यायचं. तो पिझ्झाच्या कडा खायचा नाही आणि ती त्याच्या प्लेटमधल्या कडा उचलून आपल्या प्लेटमध्ये घ्यायची. एका शनिवारी त्यांच्या प्लेटा आल्या आणि आत्या हात थांबवून बघत राहिल्या. "याच्या कडा यालाच राहिल्यात," त्या म्हणाल्या. "भांडलेत." मला तर दोघं चांगली हसत बोलताना दिसली होती. पुढचे तीन शनिवार टेबल रिकामं. चौथ्या शनिवारी ती एकटीच आली, आणि मी पाणी ठेवायला गेले तर डोळे पुसत होती. दोन महिन्यांनी दोघं पुन्हा बरोबर आली. आत्यांनी प्लेटा बघितल्या आणि त्या दिवशी काम करताना गुणगुणत होत्या.

माझ्या स्वतःच्या बाबतीतही तेच. दुपारी आम्ही घरचे सगळे मागच्या खोलीत जेवतो. एकदा माझी प्लेट हातात घेऊन आत्या म्हणाल्या, "ऑलिव्ह बाजूला का काढलेस? तुला तर आवडतात."

"नको वाटले आज."

"परवाही नको वाटले होते. डॉक्टरांकडे जाऊन ये."

मी हसले. आठ दिवसांनी हसू थांबलं. आमची लेक आता नऊ वर्षांची आहे, आणि ऑलिव्हला तोंड लावत नाही.

हे सगळं मी सांगतेय ते अशासाठी, की चार वर्षांपूर्वी जे झालं ते ऐकून लोक म्हणतात, योगायोग असेल. मी या बाईंबरोबर रोज काम करते. योगायोग इतका नेमाने येत नाही.

आमच्या समोरच्या रस्त्याला चष्म्यांचं दुकान आहे. त्याचे मालक, आम्ही त्यांना चष्मेवालेच म्हणतो, तेव्हा सत्तरीला टेकले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. दर गुरुवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवायचे आणि दुपारी बरोबर एक वाजता आमच्या सात नंबरच्या टेबलावर येऊन बसायचे. पातळ बेसचा, मशरूम आणि कांदा घातलेला पिझ्झा. दुसरं काही त्यांनी कधी मागवलं नाही. शेवटच्या कडेने प्लेट पुसून घ्यायचे आणि त्यावर दात कोरायची काडी आडवी ठेवायचे. आत्या म्हणायच्या, "यांची प्लेट धुवायची म्हणजे नुसता पाण्याला त्रास."

स्वभाव मात्र तिरका. पिझ्झावर एखादा काळा डाग दिसला की सासऱ्यांना हाक मारायचे. "याला भाजणं म्हणतात की जाळणं?" सासरे पिझ्झा काढायची लांब दांड्याची फळी हातात घेऊन बाहेर यायचे. "डाग दिसला ना? म्हणजे तुमचे डोळे शाबूत आहेत. मग दुकान कशाला उघडलंत?" दोघांचं हे बोलणं इतकी वर्षं चाललेलं. एखाद्या गुरुवारी ते झालं नाही तर सासऱ्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

त्या वर्षी एका गुरुवारी त्यांची प्लेट आली आणि तिच्यात दोन तुकडे शिल्लक होते. आत्यांनी मला खिडकीतूनच विचारलं, "बरं नाहीये का त्यांना?"

"चांगले आहेत. आजही बाबांशी भांडले."

पुढच्या गुरुवारी तीन तुकडे राहिले. त्याच्या पुढच्या गुरुवारी चार, म्हणजे अर्धा पिझ्झा, जसाच्या तसा. लसणाच्या बटरची छोटी वाटी भरलेली. कागदी रुमालाची घडीसुद्धा मोडलेली नाही. म्हातारपणी भूक कमी होते, असं मी म्हटलं आणि पुढची प्लेट आणायला वळले.

"थांब," आत्या म्हणाल्या. "हे बघ."

आमच्या प्लेटांच्या कडेला एका जागी भट्टीचं छोटं लाल चित्र आहे. सासऱ्यांचा दंडक असा, की प्लेट ठेवताना ते चित्र गिऱ्हाइकापासून लांबच्या बाजूला आलं पाहिजे. मी ते डोळे मिटूनही करते. आत्यांनी प्लेट तशी धरली, चित्र पलीकडे. "आता तू चष्मेवाले आहेस असं समज. उरलेले तुकडे कुठे आहेत?"

"डावीकडे."

"चारही?"

"चारही."

"वाटी कुठे ठेवतेस तू?"

"डावीकडे."

"आणि रुमाल?"

रुमालही डावीकडेच असतो.

"ज्याची भूक कमी होते तो इथून एक, तिथून एक खातो," आत्या म्हणाल्या. "किंवा सगळ्या तुकड्यांची टोकं खातो. हा पिझ्झा सुरीने कापल्यासारखा अर्धा राहिलाय. पुढच्या वेळी पाण्याचा ग्लास त्यांच्या डाव्या हाताला ठेव. आणि मला सांग काय होतं ते."

तो आठवडा मी रोज त्यांच्या दुकानाकडे बघत होते. चष्मेवाले नेहमीसारखे येत होते, जात होते. एकदा दार उघडून आत जाताना त्यांचा डावा खांदा चौकटीला थडकला. माझा खांदाही घाईत थडकतो. मी त्यातून काय समजायचं?

गुरुवारी ते एकला आले. मी जवळ गेले तेव्हा दिसलं, त्यांच्या डाव्या गालावर दोन-तीन दिवसांची दाढी होती. उजवा गाल गुळगुळीत. एरवी मी मनात हसले असते. त्या दिवशी आत्यांचं बोलणं आठवलं. मी पाण्याचा ग्लास त्यांच्या डावीकडे ठेवला, पिझ्झा आणला, चित्र लांबच्या बाजूला ठेवून प्लेट मांडली आणि शेजारच्या टेबलाशी रेंगाळले.

ते खात होते. उजवीकडचा एक तुकडा, मग दुसरा. मध्येच मान वर करून म्हणाले, "सूनबाई, आज पाणी द्यायचं नाही असं ठरवलंय का?"

ग्लास त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता.

मी ग्लास उचलून उजवीकडे ठेवला. ते गटागटा प्यायले, उजवीकडचे उरलेले दोन तुकडे खाल्ले, हात पुसायला रुमाल शोधला, सापडला नाही आणि मग ते चिडले. खरोखरच चिडले, नेहमीसारखे लटके नव्हे.

"मालकांना बोलवा," ते म्हणाले. "इतके दिवस मी गप्प बसलो. म्हटलं पीठ महाग झालं असेल. पण अर्धा पिझ्झा देता आणि वर काही सांगतही नाही, ही कुठली रीत?"

हॉल भरलेला होता. नऊच्या नऊ टेबलं वळून बघायला लागली. सासरे कोपरापर्यंत पिठाने माखलेले बाहेर आले. अर्धा पिझ्झा हे शब्द त्यांनी ऐकले होते आणि त्यांचा चेहरा भट्टीपेक्षा तापला होता. "एकतीस वर्षं," ते म्हणाले, "एकतीस वर्षं तुम्ही इथे खाताय. मी कधी चतकोर तरी कमी दिलाय?"

"हे बघा ना मग," चष्मेवाले प्लेटकडे बोट दाखवून म्हणाले. "रिकामी आहे."

सासऱ्यांनी प्लेटकडे पाहिलं. तिच्यात चार तुकडे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्याजागी काय आलं ते त्यांनाच कळत नव्हतं. हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि आत्या बाहेर आल्या. ओला एप्रन, पायात रबरी चपला, हाताला साबणाचा फेस. इतक्या वर्षांत गिऱ्हाईक बसलेलं असताना त्या हॉलमध्ये आल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्या सात नंबरपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, जरा एक मिनिट."

त्यांनी प्लेटच्या कडेला दोन बोटं लावली आणि प्लेट अर्धी फिरवली. बस, इतकंच केलं.

चष्मेवाल्यांचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. समोर चार तुकडे होते, मशरूम आणि कांदा, हात न लावलेले. त्यांनी आधी आत्यांकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. "हातचलाखी दाखवताय का मला?" ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी हळूच एका तुकड्यावर बोट टेकवलं.

"गार आहे," ते म्हणाले.

"हो."

"चीज घट्ट झालंय."

"हो. केव्हाचं इथेच आहे ते."

ते बोट तसंच ठेवून बसून राहिले. आत्या टेबलाला वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, इकडे बघा."

त्यांनी मान वळवली ती उजवीकडे. तिथे कुणी नव्हतं. ते रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "बघतोय. तुम्ही कुठे आहात?"

नऊ टेबलांवर चाळीस-एक माणसं होती, तरी भट्टीतली लाकडं तडतडताना ऐकू येत होती. एका आईने आपल्या मुलाला नकळत जवळ ओढलं.

आत्यांनी खुर्ची ओढली आणि त्यांच्या उजव्या बाजूला बसल्या. "डोकं दुखतं का?"

"महिनाभर दुखतंय. म्हटलं नंबर बदलला असेल. मीच माझे डोळे तपासले. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचली मी. डोळ्यांना काही झालेलं नाही."

"डोळ्यांना नाहीच झालेलं. कुठे पडला होतात का?"

"पडलो नाही." त्यांनी थोडा विचार केला. "दुकानात वाकलो होतो, उठताना फळी डोक्याला लागली. दीड महिना झाला. रक्तसुद्धा आलं नाही हो."

आत्या माझ्या नवऱ्याकडे वळल्या. तो एप्रन काढूनच उभा होता. "गाडी काढ. मोठ्या हॉस्पिटलात ने. उद्यावर टाकायचं नाही."

चष्मेवाल्यांनी थोडी कुरकूर केली. पिझ्झा संपला नाही म्हणाले. सासूबाईंनी चारही तुकडे डब्यात बांधून त्यांच्या हातात दिले, तेव्हा उठले. मी बरोबर गेले. गाडीत बसताना त्यांच्या डाव्या बाजूला मी हात धरून ठेवला होता, कारण ती बाजू आता त्यांच्यासाठी जगातच नव्हती. मला सारखं वाटत होतं, माणसाला आंधळेपण येतं तेव्हा निदान अंधार तरी दिसतो. यांना काहीच कमी झाल्यासारखं वाटत नव्हतं. अर्धं जग गेलं होतं आणि उरलेलं अर्धं त्यांना पूर्ण वाटत होतं.

हॉस्पिटलमध्ये त्यांच्या डोक्याचे फोटो काढले. मेंदूचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला ते काचेवर लावून दाखवले. फळीच्या त्या एवढ्याशा टोल्याने कवटीच्या आत, मेंदूच्या उजव्या बाजूवर, एक बारीक शीर फुटली होती. दीड महिना थेंबथेंब रक्त साचत होतं आणि मेंदू दाबला जात होता. डावीकडच्या जगाची दखल घेणारा भाग नेमका तिथलाच. "डोळे बघतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण डावीकडे काही असू शकतं, हेच मेंदू विसरतो. तक्त्यावरची ओळ वाचली म्हणाले ना? पहिली अक्षरं सुटली असणार. सुटलं हे त्यांना कळणार कसं?"

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. कवटीला दोन छोटी भोकं पाडून रक्त काढून टाकलं. मुलगी धावतपळत येऊन पोचली, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. सकाळी चष्मेवाल्यांनी डोळे उघडले, आणि डाव्या बाजूला बसलेल्या मुलीकडे मान वळवून म्हणाले, "तू कधी आलीस?" ती ओक्साबोक्शी रडायला लागली. ती का रडतेय हे त्यांना समजेना.

मी निघत होते तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला थांबवलं. "आणखी आठ-पंधरा दिवस गेले असते तर हे इथे चालत आले नसते. कुणाच्या लक्षात आलं?"

"आमच्या आत्यांच्या."

"त्या नर्स आहेत का?"

"नाही. त्या प्लेटा धुतात."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "पुन्हा सांगा."

मी सगळं सांगितलं. लाल चित्र, दोन तुकडे, तीन तुकडे, चार तुकडे, पाण्याचा ग्लास. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताटाची डावी बाजू शिल्लक राहणं, ही खूण आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. पुस्तकात चित्रही आहे. पण रोग्याचं ताट परत जाताना कोण बघतं?"

पुढच्या आठवड्यात एका दुपारी त्या हॉटेलात आल्या. एकट्याच. मी मेनू दिला तर म्हणाल्या, काहीही आणा. खाऊन झाल्यावर स्वतःची प्लेट स्वतः उचलली आणि विचारलं, "आत जाऊ का?"

आत्या स्टुलावर बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून न देता, आत जाऊन प्लेट त्यांच्या हातात दिली. आत्यांनी सवयीने बघितली.

"उभ्याने जेवायची सवय आहे तुम्हाला," त्या म्हणाल्या. "या तीन तुकड्यांच्या कडा नुसत्या ओढून तोडल्यात, चावलेत कुठे."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग डब्यांच्या चवडीवर रुमाल टाकून तिथेच टेकल्या. "तुम्हाला हे कसं कळलं, ते ऐकायला आलेय मी. प्लेट फिरवायची, डाव्या बाजूने हाक मारायची. हे कुणी शिकवलं?"

आत्यांनी हातातली प्लेट धुतली, पुसली, उभी केली. सासरे उघड्या दारापलीकडे भट्टीशी होते, पाठ आमच्याकडे.

"आमच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता," आत्या म्हणाल्या. "मी एकोणीस वर्षांची होते. हा भाऊ दहाचा. आईची वाचा गेली होती. तिला मी जेवायला वाढायची आणि ती अर्धं ताट टाकायची. घरात सगळे म्हणायचे, तिची भूक मेली. डॉक्टरही तेच म्हणाले. ती वाळत चालली होती. माझ्याकडे बघून रडायची, आणि मला वाटायचं दुखत असेल."

त्यांनी सिंकमधला नळ बंद केला.

"चार महिन्यांनी एक दिवस तिला वाढलं, ती जेवली, अर्धं टाकलं. ताट उचलताना माझा पाय घसरला, ताट अर्धं फिरून पलंगावर टेकलं. तर तिने एका हाताने ते धरून ठेवलं आणि खायला लागली. भुकेल्यासारखी. सगळं संपवलं. तेव्हा मला कळलं. चार महिने ती अर्धपोटी होती आणि आम्ही तिच्यासमोरून अन्न उचलून नेत होतो. त्यानंतर मी रोज तिचं ताट फिरवायची. ती आणखी सहा वर्षं जगली."

आत्यांनी सिंकमधली पुढची प्लेट उचलली. मग म्हणाल्या, "तेव्हापासून कुणाचं उष्टं न बघता मला ताट घासताच येत नाही."

भट्टीतून जळका वास आला. सासऱ्यांनी आत घातलेला पिझ्झा कोळसा झाला होता आणि फळी त्यांच्या हातात तशीच होती. ते वळले. "मला वाटायचं आई बरी झाली," ते आत्यांना म्हणाले. "तू कधी बोलली नाहीस."

"दहा वर्षांच्या पोराला काय सांगायचं, की आई उपाशी होती? नंतर राहून गेलं."

सासऱ्यांनी तो जळलेला पिझ्झा बाहेर काढला, बाजूला ठेवला आणि त्या दुपारी पहिल्यांदाच भट्टी माझ्या नवऱ्याच्या हाती सोपवून बहिणीशेजारी प्लेटा पुसायला उभे राहिले. मी प्लेटा आत देत होते. या बाईला मी सात वर्षं ओळखत होते. तिच्या हातून रोज काय जातंय आणि ती कशासाठी बघत बसते, हे मला त्या दिवशी समजलं.

दोन महिन्यांनी चष्मेवाले आले. डोक्यावर कापसासारखे नवे केस, दोन्ही गाल गुळगुळीत. पिझ्झा पूर्ण खाल्ला, कडेने प्लेट पुसली, आणि काळ्या डागावरून सासऱ्यांशी भांडण उकरून काढलं. सासऱ्यांना इतक्या आनंदाने भांडताना मी तरी कधी पाहिलं नव्हतं. मग चष्मेवाले काखेत एक गुंडाळी घेऊन मागच्या खोलीत गेले. अक्षरांचा तक्ता होता. तो त्यांनी फ्रिजच्या दारावर चिकटवला.

"बसा," ते आत्यांना म्हणाले. "आता माझी पाळी."

"मला सगळं दिसतं."

"मीही असंच म्हणत होतो."

यावर आत्या स्टुलावर बसल्या. त्यांनी एक डोळा झाकला. सगळ्यात वरचं मोठं अक्षर त्यांनी बरोबर सांगितलं. दुसरी ओळ अंदाजाने. तिसऱ्या ओळीला म्हणाल्या, "इथे काही लिहिलंय का?"

चष्मेवाले तक्त्याकडे आणि आत्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. हाताच्या अंतरापलीकडचं आत्यांना जवळजवळ काहीच नीट दिसत नव्हतं, आणि हे आजचं नव्हतं, चष्मेवाल्यांच्या मते चाळीस वर्षांचं तरी होतं. प्लेट हातात असायची, म्हणून प्लेट दिसायची. "मग ती माणसं?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "इतक्या लोकांबद्दल तुम्ही सांगता, ते कसे दिसतात हे तुम्हाला ठाऊकच नाही?"

"मला कुठे त्यांना ओळखायचं असतं," आत्या म्हणाल्या. "जेवले की नाही एवढंच बघायचं."

चष्मा तयार व्हायला चार दिवस लागले. चष्मेवाल्यांनी स्वतः आणून आत्यांच्या कानांवर बसवला, मागे सरकून बघितलं, दांडी थोडी वाकवली, परत बसवला. मग त्यांना हाताला धरून खिडकीपाशी आणलं आणि मी फ्रिज ढकलून थोडा बाजूला केला.

शनिवारची दुपार होती. सगळी टेबलं भरलेली. आत्या खिडकीच्या चौकटीला दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. लोक खात होते, बोलत होते, मुलं चीज ताणत होती. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या मागे प्लेटांची चवड साठत होती आणि मला घाई करावीशी वाटेना.

"सहा नंबरला बसतात ते हे का?" त्यांनी अखेर विचारलं. "तिखट मागवून पाण्यावर पाणी पिणारे?"

"हो."

"मला वाटायचं बारकेसे असतील."

सहा नंबरचे गृहस्थ दारातून वाकून आत येतात इतके उंच आहेत. आत्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकेक टेबल विचारू लागल्या, ही कोण, तो कोण, आणि मी सांगत गेले. आजींबरोबर येणारी ती मुलगी कोणती, मशरूम वेचून काढणारा तो मास्तर कोणता. वर्षानुवर्षं ज्यांच्या भुकेची खबर त्यांनी ठेवली होती त्या माणसांचे चेहरे त्या एकामागून एक बघत होत्या, आणि प्रत्येक चेहऱ्यावर थोडं थांबत होत्या.

काम करताना मात्र त्या चष्मा लावत नाहीत. वाफेने काचा धुरकटतात म्हणतात. शनिवार-रविवारच्या गर्दीनंतर सोमवारी त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा सिंकपाशी मी उभी असते. त्या शेजारी स्टुलावर बसून दाखवत राहतात, हे बघ, हा तुकडा कुठून सोडलाय, इथे दात कसे लागलेत. मी बघते. बहुतेक वेळा मला उष्टी प्लेट दिसते. पण आता तिच्यावर पाणी सोडण्याआधी मी थोडी थांबते.